‘ॲ’ आणि ‘ऑ’ कुणी आणले? एका शासन निर्णयाचा माग

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटली की जिल्हा परिषद शाळेच्या बाई घरी जाताना आमच्या वाचनालयात डोकावतात, पुस्तक बदलून नेतात. त्या शनिवारी पुस्तक काढलंच नाही. पिशवी टेबलावर ठेवली आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

आदल्या दिवशी पहिलीतल्या एका मुलाचे आजोबा वर्गात येऊन गेले होते. भिंतीवरचा तक्ता त्यांनी बोटानं मोजला आणि विचारलं, “बाई, आमच्या वेळी बाराखडी होती. ही चौदाखडी कुठनं आली? हा कॅ आणि हा कॉ मध्ये कुणी घातला?” बाई म्हणाल्या, शासनाचा जीआर आहे. आजोबा म्हणाले, “दाखवा की. मी वाचतो.” ते भांडायला आले नव्हते. सगळी नोकरी सरकारी दप्तरात गेलेली, कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानायचं नाही ही सवय. मला ती सवय आवडते.

पण बाईंकडे कागद नव्हता. शिक्षकांच्या ग्रुपवर कधीतरी आलेला एक फोटो होता: पानाचा मधला तुकडा, वर शीर्षक नाही, खाली सही नाही, क्रमांक नाही.

“दादा, दोन संध्याकाळी घालवल्या. गूगलवर ढीगभर येतं, पण तो कागद काही येत नाही.”

मी इथला ग्रंथपाल. पुस्तकं शोधून देणं हे काम आहेच, पण अलीकडे शासनाचे कागद शोधून देणंही तितकंच झालंय. कुणाला शिष्यवृत्तीचा निर्णय हवा असतो, कुणाला अनुकंपा नियुक्तीचा, कुणाला विहिरीच्या अनुदानाचा. त्या दुपारचा शोध मी मुद्दाम वहीत टिपून ठेवला, कारण मराठीत एखाद्या संकेतस्थळावर काही शोधताना जेवढ्या म्हणून अडचणी येतात, त्या जवळजवळ सगळ्या त्यात एकापाठोपाठ भेटल्या. आणि ज्या अक्षराचा शोध चालला होता, त्या अक्षरानंही शेवटी आपला हिसका दाखवला.

बाईंनी काय टाइप केलं होतं

मी आधी त्यांच्या फोनमधला शोधांचा इतिहास पाहिला. कुणी अडलं की मी हेच करतो. माणूस कुठे अडलाय ते तो सांगतो त्यापेक्षा त्याने टाइप केलेल्या शब्दांत जास्त दिसतं. त्यात होतं: ‘बाराखडीत ॲ ऑ कधी आले’, ‘चौदाखडी जीआर’, ‘मुळाक्षरे नवीन नियम’. आलेल्या निकालांत लहान मुलांचे व्हिडिओ, शिकवणीवर्गांची पानं आणि स्पर्धा परीक्षांचे प्रश्नसंच होते. ‘मराठीत एकूण वर्ण किती, ४८ की ५२?’ हा प्रश्न तर दर दुसऱ्या पानावर. शेजारच्या टेबलावर अभ्यास करणारा एक मुलगा मान वर न करता म्हणाला, “बावन्न लिहायचं, बाई.” कशाच्या आधारावर, ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

बाईंनी त्यांचा प्रश्न टाइप केला होता. पण कागदात प्रश्न लिहिलेला नसतो, उत्तर लिहिलेलं असतं, आणि तेही लिहिणाऱ्याच्या शब्दांत. मंत्रालयातला कक्ष अधिकारी ‘मुळाक्षरं’ लिहीत नाही, ‘वर्णमाला’ लिहितो. ‘पगार’ नाही, ‘वेतन’. ‘सुट्टी’ नाही, ‘रजा’. ‘जीआर’ हा शब्द तर जीआरमध्ये सहसा नसतोच, तिथे ‘शासन निर्णय’ असतो. निर्णयाचं शीर्षक बहुधा ‘बाबत’ या शब्दावर संपतं: अमुक करण्याबाबत, तमुक देण्याबाबत. त्यामुळे शोधायला बसण्याआधी मी नेहमी कागदावर दोन ओळी लिहितो. हा कागद कोणी लिहिला असेल? आणि त्याने या गोष्टीला काय म्हटलं असेल? त्या दिवशी दुसऱ्या ओळीत मी लिहिलं: वर्णमाला, देवनागरी, लिपी, अद्ययावत. पहिल्या ओळीत लिहिलं: मराठी भाषा विभाग. ही पहिली ओळ चुकलेली होती, पण ते कळायला अर्धा तास गेला.

शासनाच्या संकेतस्थळावर

महाराष्ट्र शासनाचे निर्णय एका ठिकाणी ठेवलेले आहेत. तिथे शोधायच्या चौकटी अशा: विभागाचं नाव, शीर्षकातला शब्द, सांकेतांक क्रमांक, आणि तारीख अमुकपासून अमुकपर्यंत. खाली चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची आणि शोध म्हणायचं. निकालाच्या तक्त्यात विभाग, शीर्षक, सांकेतांक, तारीख आणि फाइल उतरवून घेण्याची खूण असते.

यातली एक गोष्ट समजून घेतली की निम्मा त्रास वाचतो. शब्दाची चौकट शीर्षक पाहते, फाइलच्या पोटातला मजकूर पाहत नाही. ‘कॅ’, ‘कॉ’, ‘चौदाखडी’ हे शब्द आत कुठेतरी असले तरी शीर्षकात येणार नाहीत. म्हणजे तिथे ते टाइप करून काही मिळणार नाही.

मी विभाग म्हणून ‘मराठी भाषा’ निवडला आणि तारखेत २००९ हे सगळं वर्ष टाकलं, कारण बाईंना ग्रुपवर कुणीतरी ‘२००९ चा जीआर’ असं म्हटल्याचं आठवत होतं. शब्दाच्या जागी ‘वर्णमाला’. काही नाही. ‘वर्णमाला’ काढून ‘देवनागरी’. काही नाही. ‘लिपी’. काही नाही. शब्द पूर्ण काढून टाकला, फक्त विभाग आणि वर्ष ठेवलं. तरी काही नाही.

शेवटचा निकाल पाहून मी थांबायला हवं होतं. एका विभागाचा वर्षभराचा एकही निर्णय नाही, हे काहीतरी सांगत होतं. पण आपण शब्दांच्या मागे लागलेलो असलो की रिकाम्या यादीचा अर्थ लावत नाही, पुढचा शब्द टाइप करतो. मीही तेच केलं, ‘अक्षरे’ टाकून पाहिलं, ‘लेखन’ टाकून पाहिलं. मग बाईच म्हणाल्या, “दादा, हा विभाग तेव्हा होता का?”

नव्हता. स्वतंत्र मराठी भाषा विभाग २०१० साली झाला. त्याआधी भाषेचं काम सामान्य प्रशासन विभागाकडे होतं. २००९ च्या कागदावर मराठी भाषा विभागाचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. माझी पहिली ओळ आजच्या काळातली होती आणि कागद कालचा. जुने कागद शोधणाऱ्या प्रत्येकानं ही तपासणी आधी करावी असं मला वाटतं. विभागांची नावं बदलतात, एका विभागातून दुसरा फुटतो, जिल्ह्यातून जिल्हा निघतो. पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांत जव्हारचं गाव ठाणे जिल्ह्यातच सापडणार.

शब्द सोडून तारीख धरली

आता विभाग कळला. पण सामान्य प्रशासन हा मोठा विभाग आहे. बदल्या, पदोन्नती, आरक्षण, सुट्ट्या, समित्या, सगळं त्याच्याकडे. वर्षभराची यादी डोळ्यांखालून घालायची तर संध्याकाळ झाली असती. नेमकी तारीख हवी होती.

इथे मी त्या संकेतस्थळाच्या बाहेर पडलो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वर्णमालेवर शासनानं नव्याने निर्णय काढल्याच्या बातम्या मला आठवत होत्या. बातमीत बहुतेक वेळा निर्णयाचा क्रमांक नसतो, पण दिवस कळतो, आणि तारखेने शोधायचं असेल तर दिवसच पुरतो. गूगलवर ‘वर्णमाला शासन निर्णय नोव्हेंबर २०२२’ असं शोधलं. बातम्यांवरून १० नोव्हेंबर २०२२ ही तारीख मिळाली.

परत शासनाच्या पानावर. विभाग मराठी भाषा (या वेळी बरोबर), तारीख नोव्हेंबर २०२२, शब्दाची चौकट पूर्ण रिकामी. यादी छोटी होती. ती वाचली आणि कागद मिळाला.

शब्दाची चौकट रिकामी ठेवणं ही या सगळ्या उद्योगातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट आहे. नवखा माणूस तिथे जास्तीत जास्त शब्द कोंबतो. पण प्रत्येक शब्द ही एक अट असते, आणि मराठीत एकच शब्द चार तऱ्हांनी टाइप झालेला असू शकतो. तारीख मात्र एकाच तऱ्हेनं लिहिली जाते. लहान विभाग आणि एक महिना, किंवा मोठा विभाग आणि एक दिवस, एवढं माप ठेवलं तर यादी डोळ्यांनी वाचता येईल इतकीच निघते. डोळ्याला ऱ्हस्व-दीर्घाची चूक अडवत नाही.

२०२२ चा निर्णय आम्हाला प्रत्यक्षात नको होता. हवा होता त्याचा वरचा कोपरा. शासन निर्णयात प्रस्तावनेआधी ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असं लिहून खाली आधीच्या कागदांची यादी दिलेली असते. नवा निर्णय ज्या जुन्या निर्णयाच्या जागी येतो किंवा ज्यात भर घालतो, त्याचा क्रमांक आणि तारीख तिथे असते. म्हणून मी कुणालाही सांगतो, जुना कागद सापडत नसेल तर आधी त्याच विषयावरचा नवा कागद शोधा, तो तुम्हाला मागे घेऊन जातो. तलाठी दप्तरात एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर जातात तसंच.

तिथे मिळालं: सामान्य प्रशासन विभाग, ६ नोव्हेंबर २००९, आणि क्रमांक ‘मभावा-२००४’ असा सुरू होणारा.

बाई लगेच म्हणाल्या, “म्हणजे २००४ चा?” हा गोंधळ फार जणांचा होतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. क्रमांकातला ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि त्याच्यासोबतचं वर्ष हे नस्ती, म्हणजे त्या कामाची फाइल, उघडली त्या वर्षाचं असतं. नस्ती २००४ साली उघडली, निर्णय २००९ साली निघाला. शेवटी येणारा आकडा किंवा अक्षर कार्यासनाचं, म्हणजे मंत्रालयातल्या ज्या टेबलावर ते काम चाललं त्याचं. कुणी नुसता क्रमांक पाहून २००४ च्या यादीत शोधायला बसला तर त्याला तो जन्मात सापडणार नाही. क्रमांकातलं वर्ष आणि सहीखालची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शोधायला उपयोगी पडते ती तारीख.

विभाग बदलला, शब्दाची चौकट रिकामी ठेवली, तारीख ६ नोव्हेंबर २००९ च्या आसपास ठेवली. अडीच वाजता सुरू केलेला शोध, सव्वाचारला कागद पडद्यावर होता. बाईंनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली.

फाइलच्या आत

आता त्यातलं नेमकं वाक्य दाखवायचं होतं. सगळं वाचण्याआधी बाईंनी कंट्रोल आणि एफ दाबून शोधाची पट्टी उघडली आणि ‘ॲ’ टाइप केला. एकही जुळणी नाही. त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे यात नाहीच?”

होता. पानावर डोळ्यांना दिसत होता. पट्टीला मात्र तो सापडत नव्हता, आणि त्याची कारणं पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण खुद्द अक्षराचं. संगणकाला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे आख्खा ‘ॲ’, एकच वर्ण. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत, हा स्वतंत्र वर्ण २००८ साली आला. दुसरा म्हणजे ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवायचा, ‘अॅ’, दोन तुकडे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून तुमच्या फोनने ‘ॲप’ लिहिलं आणि त्या पानावर ‘अॅप’ असेल, तर मजकूर जसाच्या तसा जुळवून पाहणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय काही जण ‘ऍप’ असंही लिहितात, तो तिसरा. मी बाईंना तिन्ही एकाखाली एक टाइप करून दाखवले आणि प्रत्येकाच्या पुढून मागे खोडण्याची कळ दाबली. पहिल्यात ‘प’ गेल्यावर एका दाबात ‘ॲ’ गेला. दुसऱ्यात एका दाबात फक्त चंद्र गेला, ‘अ’ तिथेच राहिला. बाई म्हणाल्या, “हे मुलांना दाखवायला पाहिजे.”

असंच दुसरं जोडपं ‘ऱ्या’चं आहे. ‘कर्मचाऱ्यांना’ आणि ‘कर्मचार्‍यांना’ यात डोळ्याला फरक नाही, आतून आहे. नोकरीविषयीच्या निम्म्या शीर्षकांत हा शब्द असतो. अशा वेळी मी शब्दाचा निर्धोक भाग तेवढा देतो: ‘कर्मचा’. पुढे काहीही असलं तरी जुळतं. तसंच आकड्यांचं. पानावर देवनागरी ‘२००९’ असेल आणि तुम्ही इंग्रजी आकडे टाइप केलेत, किंवा उलट, तर साधा शोध गप्प बसतो. दोन्ही करून पाहायचे.

दुसरं कारण पीडीएफचं. पीडीएफमध्ये अक्षराचा आकार नीट असतो, पण त्या आकारामागे कोणता वर्ण आहे याची नोंद मराठीत अनेकदा चुकीची बसलेली असते. छापून काढा, सुरेख दिसेल. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवा, मग कळतं. शासन निर्णय हाताळणाऱ्यांना हे रूप ओळखीचं आहे: ‘निर्णय’चा ‘निणगय’ होतो, ‘मंत्रालय’चा ‘मांत्रालय’, ‘क्रमांक’चा ‘क्रमाांक’, ‘दिनांक’चा ‘ददनाांक’. रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व वेलांटी ही तीन ठिकाणं हमखास बिघडतात. शोधाची पट्टी आत पाहते ती ही मोडकी अक्षरं, आपल्याला दिसणारी नीट अक्षरं नव्हेत.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, फाइलमध्ये शोधताना रफार, अनुस्वार, वेलांटी नसलेला शब्द निवडायचा. ‘वर्ण’ शोधायचा तर रफार अडवणार, ‘स्वर’ शोधला तर सापडायची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट विचित्र वाटेल पण मी ती वापरतो: कधीकधी मुद्दाम मोडकाच शब्द शोधायचा. गूगलनेही तोच मोडका मजकूर वाचून ठेवलेला असतो. ‘शासन निणगय’ असं शोधून मला असे निर्णय मिळाले आहेत, जे शुद्ध लिहून मिळत नव्हते. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला ‘निणगय’ टाइप करताना त्रास होतो, मलाही होतो. पण समोर मजूर उभा असतो, त्याला सोमवारी कचेरीत कागद दाखवायचा असतो.

आणि काही फाइली नुसत्या फोटोच असतात, स्कॅन केलेल्या. त्यांत अक्षरच नसतं, चित्र असतं. तिथे शोधाची पट्टी सोडून द्यावी आणि वाचावं. किंवा फोनमधल्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सोयीवर टाकावं. देवनागरी छापील मजकूर ती बऱ्यापैकी ओळखते, जोडाक्षरं मात्र तपासून घ्यावीत.

बाईंनी पट्टी बंद केली आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, वर्गात वाचतात तशा. चौदा स्वर, दोन स्वरादी (अं, अः), चौतीस व्यंजनं, क्ष आणि ज्ञ ही दोन विशेष संयुक्त व्यंजनं. मी बेरीज केली, बावन्न. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं या वेळी मान वर केली. उठून आला आणि पडद्याचा फोटो काढून घेतला. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांतले ४८ कुठून येतात तेही मग सहज कळलं. तिथे स्वर बारा धरतात, त्यात दोन स्वरादी आणि चौतीस व्यंजनं मिळवली की ४८. ॲ आणि ऑ हे दोन स्वर, आणि क्ष, ज्ञ ही दोन, असा चाराचा फरक.

खरा कागद कसा ओळखायचा

आजोबांसारख्या माणसाला कागद द्यायचा तर तो खरा आहे याची खात्री आपली आपण आधी करावी. ग्रुपवर फिरणारे ‘जीआर’ अनेकदा अर्धे असतात, काही चक्क बनावट असतात.

निर्णयाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा सांकेतांक अमुक आहे. अलीकडच्या निर्णयांत हा सांकेतांक अठरा आकड्यांचा असतो. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे वाचता येतात. १० नोव्हेंबर २०२२ च्या सुमाराचा असेल तर २०२२, मग ११, मग दिवस. निर्णयाच्या तारखेत आणि यात एखाद-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, पण फोटोतल्या कागदावर तारीख २०२३ ची आणि सांकेतांक २०१८ ने सुरू होणारा, असं दिसलं तर सावध व्हावं. पक्की तपासणी एकच: तो आकडा संकेतस्थळावर सांकेतांकाच्या चौकटीत जसाच्या तसा टाकायचा. तीच फाइल आली तर ठीक. या शोधाला मराठी टाइप करायला लागत नाही, कसली वेलांटी नाही, कसला रफार नाही. म्हणून कुणी मला कागदाचा फोटो पाठवला की मी पहिली विनंती करतो, शेवटच्या पानाचा पाठवा.

पुढची तपासणी अशी की हा निर्णय नंतर बदलला तर नाही ना. शुद्धिपत्रक निघतं, निर्णय अधिक्रमित होतो, म्हणजे त्याच्या जागी नवा येतो, किंवा त्यात भर पडते. आमच्या बाबतीत २०२२ चा निर्णय आधीच हाती आला होता, त्यामुळे दोन्ही कागद बाईंना द्यायचं ठरलं. नुसता जुना दिला असता तर काम अर्धवट राहिलं असतं.

गूगलचा वापर मी या शोधात कमी केला, पण एक सोय सांगायला हवी, कारण ज्या संकेतस्थळावर स्वतःची शोधाची चौकटच नसते तिथे तीच कामी येते. शोधाच्या जागी इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून एकाखाली एक दोन टिंबं (:), त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये कुठेही जागा न सोडता. मग जागा सोडून आपले शब्द. गूगल तेवढ्याच संकेतस्थळात पाहतं. मी सहसा जीआरच्या पानाचा पत्ता न देता त्याच्या मागचा, ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ एवढाच देतो, कारण अनेक विभागांची पानं त्याच्या पोटात आहेत आणि कागद कधीकधी विभागाच्या पानावर आधी सापडतो. शब्दांची नेमकी ओळ माहीत असेल तर ती अवतरणचिन्हांत. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह, त्याला चिकटून. बाईंनी घरी जाऊन हे ‘वर्णमाला’ शब्दावर करून पाहिलं. व्हिडिओ आणि शिकवण्या एका फटक्यात बाहेर गेल्या, असा त्यांचा रात्री निरोप आला.

सोमवारी

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई आजोबांनाच वाचनालयात घेऊन आल्या. मी दोन्ही निर्णय छापून ठेवले होते. आजोबांनी चष्मा पुसला, आणि आधी शेवटचं पान उलटून सही पाहिली. मग पहिल्या पानावर येऊन क्रमांक आणि तारीख पेन्सिलीनं खिशातल्या डायरीत उतरवली. तेवढं झाल्यावर वाचायला घेतलं. वीस मिनिटं कुणी बोललं नाही.

“आहे बरोबर,” ते म्हणाले. मग बोटांवर स्वर मोजायला लागले, आणि आठव्यावर थांबले. “बाई, हा ऌ कशाला ठेवलाय? माझ्या बाराखडीत हा नव्हता.”

बाईंनी सांगितलं, बाराखडीतले बारा आणि व्याकरणातले बारा स्वर वेगळे. बाराखडीत अं, अः धरतात, ऋ आणि ऌ नाहीत. ऌ व्याकरणात आधीपासूनच होता.

“पण याचा शब्द कुठला?”

“क्लृप्ती.”

“आणखी?”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खुर्ची संगणकाकडे वळवली, कोरा कागद पुढे ओढला आणि आजोबांना विचारलं, “हे कुणी लिहून ठेवलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

“कोशवाल्यांनी,” आजोबा म्हणाले आणि खुर्ची जवळ सरकवून बसले.